एक पदवी, चार चाळण्या: नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजची पदवी आणि अमेरिकी नोकरी

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातलं हे प्रकरण २०२१ आणि २०२२ मधलं आहे. व्यक्ती, कॉलेज आणि कंपनीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत.

पार्श्वभूमी

उमेदवार ३१ वर्षांचा, अमेरिकी नागरिक. सहा वर्षं एका वितरण कंपनीच्या हेल्प डेस्कवर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या संगणकाच्या अडचणी सोडवणाऱ्या विभागात, कामाला होता. पगार तासाला २१ डॉलर, म्हणजे वर्षाला साधारण ४३,७०० डॉलर. हातात नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची बॅचलर पदवी, तीही देशभर शाखा असलेल्या, नफ्यासाठी चालणाऱ्या एका कॉलेज साखळीची. डोक्यावर ५८,००० डॉलरचं सरकारी शैक्षणिक कर्ज. पदवी मिळाल्यावर काही वर्षांतच ती साखळी बंद पडली. त्याला हवं होतं नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं पद, आणि ते काम हेल्प डेस्कवर बसून तो अर्धंअधिक करतही होता.

या चर्चेत तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. नफ्यासाठी चालणारं कॉलेज म्हणजे ज्याचा मालक खासगी कंपनी किंवा भागधारक आहेत असं कॉलेज. ते पूर्ण मान्यताप्राप्त असू शकतं, आणि बहुतेक मोठी कॉलेजं तशी असतातही. मान्यता नसलेलं कॉलेज ही वेगळी गोष्ट, आणि पैसे घेऊन कागद छापून देणारी पदवीची दुकानं ही तिसरीच. उमेदवाराचं कॉलेज पहिल्या प्रकारातलं होतं. वर्ग भरत होते, परीक्षा होत होत्या.

मान्यतेतही दोन थर होते. सरकारी विद्यापीठं आणि जुनी खासगी कॉलेजं प्रादेशिक संस्थांकडून मान्यता घेत आली. व्यवसाय शिकवणारी बरीच कॉलेजं 'राष्ट्रीय' म्हणवणाऱ्या संस्थांकडून. नाव ऐकून राष्ट्रीय मान्यता वरची वाटते. व्यवहारात ती खालची मानली गेली. जुलै २०२० पासून संघराज्याच्या शिक्षण खात्याने नियमांतून हा भेद काढून टाकला, पण विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांची सवय एका परिपत्रकाने जात नाही. फिनिक्स आणि डिव्हराय ही नफ्यावर चालणारी मोठी विद्यापीठं प्रादेशिक मान्यतेची होती. या उमेदवाराच्या कॉलेजला मान्यता होती राष्ट्रीय संस्थेची.

नफ्यावरच्या कॉलेजांचं नाव खराब होण्याचा इतिहास थोडक्यात असा. २०१२ मध्ये सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने अशा ३० कंपन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की २००९ साली त्यांच्या उत्पन्नातले २२.७ टक्के जाहिरात आणि प्रवेशभरतीवर गेले, १७.२ टक्के शिकवण्यावर. प्रवेश मिळवून देणारे कर्मचारी ३५,००० च्या वर, नोकरी मिळवायला मदत करणारे साडेतीन हजारांच्या आसपास. एप्रिल २०१५ मध्ये कोरिंथियन कॉलेजेस बंद पडली, सप्टेंबर २०१६ मध्ये आयटीटी टेक. डिसेंबर २०१६ मध्ये डिव्हरायने ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनशी १० कोटी डॉलरची तडजोड केली. 'नोकरी शोधणाऱ्या आमच्या पदवीधरांपैकी ९० टक्क्यांना सहा महिन्यांत आपल्या क्षेत्रात काम मिळतं' ही जाहिरात त्या खटल्याच्या मुळाशी होती. डिसेंबर २०१९ मध्ये फिनिक्सची तडजोड १९.१ कोटींची झाली; मोठमोठ्या कंपन्यांशी आमचं साटंलोटं आहे असं भासवणाऱ्या जाहिरातींवरून. नोकरी देणाऱ्याने यातला एकही कागद वाचलेला नसतो. पण टीव्हीवरच्या जाहिराती त्याने पाहिलेल्या असतात आणि बातम्यांचे मथळेही.

अडचण

जानेवारी ते एप्रिल २०२१ या चार महिन्यांत उमेदवाराने ६४ अर्ज केले. फोन आले तीन. त्यातले दोन त्याच्याच पातळीच्या हेल्प डेस्क कामासाठी.

त्याचं स्वतःचं निदान सरळ होतं: 'कॉलेजचं नाव पाहून बाजूला टाकतात.' हे अर्धंच खरं होतं. मे महिन्यात तो गावातल्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये गेला. सरकारी पैशावर चालणारी ही केंद्रं नोकरी शोधणाऱ्याला फुकट सल्ला देतात. तिथल्या सल्लागार बाईंनी ६४ अर्जांची यादी करायला लावली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहायला सांगितला: हा अर्ज कुठल्या टप्प्यावर मेला?

पदवी एकाच माणसाच्या नजरेखालून जात नाही. तिच्या वाटेत चार चाळण्या असतात आणि प्रत्येक चाळणीची जाळी वेगळी.

पहिली चाळणी अर्जाच्या संगणकप्रणालीची. ती विचारते, 'बॅचलर पदवी आहे का?' उत्तर हो किंवा नाही. कॉलेजच्या नावाशी तिला देणंघेणं नसतं. इथे बदनाम कॉलेजची पदवीही इतर कुठल्याही पदवीइतकीच चालते.

दुसरी रिक्रूटरची. एका रेझ्युमेवर त्याची नजर काही सेकंदच टिकते. नावाचा फटका बसतो तो इथे, कारण एवढ्या वेळात नावाखेरीज फारसं काही वाचलंच जात नाही.

तिसरी प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्या मॅनेजरची. त्याला राउटरची बिघडलेली जोडणी दुरुस्त करणारा माणूस हवा असतो. कॉलेजबद्दल त्याचं मत असतंच, पण एका चांगल्या तांत्रिक उत्तराने ते बदलतं.

चौथी पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीची. तिला कॉलेज चांगलं की वाईट याच्याशी कर्तव्य नाही. पदवीची नोंद सापडते की नाही, एवढंच ती बघते.

यादी पूर्ण झाल्यावर दिसलं की बहुतेक अर्ज दुसऱ्या चाळणीत अडकले होते. त्याला कारण नुसतं नाव नव्हतं. रेझ्युमे कॉलेजच्याच प्लेसमेंट विभागाने दिलेल्या नमुन्यावर बेतलेला होता. अगदी वर उद्दिष्टाचं एक गुळगुळीत वाक्य, त्याखाली ठळक अक्षरांत कॉलेजचं नाव, ३.९ जीपीए (४ पैकी सरासरी गुण), आणि अकरा विषयांची यादी. सहा वर्षांचा अनुभव पान उलटल्यावर. थोडक्यात, त्याच्याजवळची सगळ्यांत कच्ची गोष्ट त्याने दारात मांडली होती आणि पक्की आतल्या खोलीत ठेवली होती. ३.९ गुणांनी तर उलटंच झालं. ज्या कॉलेजबद्दल मनात आधीच शंका आहे तिथले चढे गुण पाहून रिक्रूटरची शंका वाढते.

नावाचा फटका खराच बसतो का, याला पुरावा आहे. डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन, लॉरेन्स कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी काल्पनिक रेझ्युमे खऱ्या नोकऱ्यांसाठी पाठवून केलेला प्रयोग २०१६ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला. नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन कॉलेजच्या बिझनेस पदवीला, सहज प्रवेश देणाऱ्या सरकारी कॉलेजच्या पदवीच्या तुलनेत, फोन येण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी निघाली. आरोग्यक्षेत्रातही तोच कल दिसला, फक्त एक अपवाद सोडून: ज्या कामाला व्यावसायिक परवाना लागतो तिथे हा फरक दिसला नाही. परवान्याची परीक्षा मध्ये आली की नोकरी देणाऱ्याला कॉलेजच्या नावावरून अंदाज बांधायची गरजच उरत नाही. २०१५ मध्ये डॅरोलिया आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग बॅचलरच्या खालच्या अभ्यासक्रमांबद्दल होता. त्यात नफ्यावरच्या कॉलेजचा उल्लेख असलेल्या रेझ्युमेला कम्युनिटी कॉलेजवाल्यापेक्षा, किंवा कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्यापेक्षा, जास्त पसंती मिळते असं काही आढळलं नाही.

नेटवर्कच्या कामाला सरकारी परवाना नसतो. मग परवान्याची जागा दुसरं काय घेऊ शकेल, हा खरा प्रश्न होता.

समोरचे पर्याय

*पदवी लपवणं.* उमेदवाराचा पहिला कल इकडेच होता. रेझ्युमे हा जाहिरातीसारखा कागद. त्यात काय घ्यायचं आणि काय गाळायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात असतं. पण कंपनीच्या अर्जावर 'सगळं शिक्षण लिहा' असं असेल आणि खाली सही असेल, तर तिथे गाळणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि त्या कारणावरून नोकरी लागल्यानंतरही काढून टाकता येतं. शिवाय पदवी लपवली तर दुसरी चाळणी सोपी होते, पण पहिलीतच गळती लागते. पदवी सक्तीची असलेल्या जागा हातच्या जातात.

*सरकारी विद्यापीठातून पुन्हा बॅचलर.* ऐकायला सगळ्यांत स्वच्छ उपाय. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचं एकक. जुन्या पदवीची १८० क्वार्टर क्रेडिट, म्हणजे दीडने भागून १२० सेमिस्टर क्रेडिट. राज्य विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) तपासून त्यातली ११ मान्य केली, तीही इंग्रजी लेखन आणि गणितासारख्या सामान्य विषयांची. उरलेली १०९. दर क्रेडिटला ३३० डॉलर धरले तर जवळपास ३६,००० डॉलर, आणि नोकरी सांभाळून वर्षाला १८ क्रेडिट या वेगाने सहा वर्षं. अशा कॉलेजमधून आलेल्या बहुतेकांचा अनुभव हाच आहे. अमेरिकी संसदेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार नफ्यावरच्या कॉलेजमधून सरकारी कॉलेजात जाणाऱ्यांची सरासरी ९४ टक्के क्रेडिट वाया गेली.

*ऑनलाइन एमबीए, पुन्हा नफ्यावरच्याच दुसऱ्या विद्यापीठातून.* ३६ क्रेडिट, साधारण २०,००० डॉलर, दीड वर्ष. चौकशीचा एक फॉर्म भरल्याबरोबर तिथून दोन आठवड्यांत नऊ फोन आले. 'मास्टर्स झालं की बॅचलर कुठून केलं हे कुणी विचारत नाही' हा त्यांचा मुद्दा. प्रकरणातलं सगळ्यांत धोक्याचं वळण हेच होतं, कारण उमेदवार सही करायला तयार झाला होता.

थांबवलं एका साध्या तपासणीने. सल्लागार बाईंनी त्याच्या सध्याच्या कंपनीचं शिक्षणखर्च परताव्याचं धोरण मागवायला सांगितलं. कोणती कंपनी कुठल्या कॉलेजची फी भरायला तयार असते, यावरून त्या कॉलेजबद्दल तिचं खरं मत कळतं. मुलाखतीत सगळे गोड बोलतात. पैसे देताना बोलत नाहीत. त्या यादीत राज्य विद्यापीठ होतं, दोन कम्युनिटी कॉलेजं होती, ना-नफा तत्त्वावरचं एक ऑनलाइन विद्यापीठ होतं. एमबीएवालं नव्हतं. अशा परताव्यातले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत तेव्हा करमुक्त होते, आणि सहा वर्षांत त्याने एक डॉलरही वापरला नव्हता.

*प्रमाणपत्रं.* नेटवर्किंगसाठी सिस्कोचं सीसीएनए आणि संगणक-सुरक्षेसाठी कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस. परीक्षा फी तेव्हा अनुक्रमे ३०० आणि सुमारे ३७० डॉलर होती. या परीक्षा कॉलेज घेत नाही, तिसरी संस्था घेते, आणि मॅनेजरला त्यांचा दर्जा ठाऊक असतो. शिवाय संरक्षण खात्याच्या तेव्हा लागू असलेल्या ८५७० निर्देशानुसार ठराविक तांत्रिक कामांसाठी सिक्युरिटी प्लस किंवा त्या यादीतलं दुसरं प्रमाणपत्र सक्तीचं होतं. म्हणजे संरक्षण कंत्राटदारांकडे हे प्रमाणपत्र जवळजवळ परवान्यासारखंच काम करतं.

काय केलं

ठरलं ते असं: पदवी लपवायची नाही, नवी घ्यायची नाही, आणि प्रमाणपत्रं आधी.

जून ते सप्टेंबर सीसीएनएची तयारी. रोज दीड तास, शनिवारी चार. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कचं सिम्युलेटर फुकट मिळतं. त्यावर भागलं असतं, पण दोन जुने स्विच आणि एक राउटर १८० डॉलरला घेतले. खऱ्या उपकरणाची केबल चुकीच्या पोर्टमध्ये घालून जे शिकायला मिळतं ते सिम्युलेटर शिकवत नाही.

सप्टेंबरअखेर पहिला प्रयत्न फसला. कारणं दोन. एक, परीक्षेतले १० टक्के गुण ऑटोमेशन आणि प्रोग्रामेबिलिटीला असतात. आपल्या कामात ते लागत नाही म्हणून तो भाग त्याने जवळजवळ सोडून दिला होता. दुसरं, सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. सवयीने 'हा नंतर बघू' म्हणत त्याने सात-आठ प्रश्न घाईत टिकमार्क करून पुढे ढकलले आणि ते तिथेच गेले. पुन्हा बसायला किमान पाच दिवस थांबावं लागतं. तो तीन आठवडे थांबला. ऑक्टोबरमध्ये पास. डिसेंबरमध्ये सिक्युरिटी प्लस पहिल्याच फेरीत. दुसऱ्यांदा भरलेली फी आणि सराव चाचण्या धरून एकूण खर्च १,२५० डॉलर.

मधल्या काळात कागद गोळा केले. बंद पडलेल्या कॉलेजची कागदपत्रं बहुतेक राज्यांत परवाना देणाऱ्या सरकारी विभागाकडे जमा होतात. तिथून शिक्कामोर्तब ट्रान्सक्रिप्टच्या चार प्रती मागवल्या, यायला पाच आठवडे लागले. पदवी मिळाली त्या तारखेला मान्यता देणारी संस्था शिक्षण खात्याच्या यादीत होती का, हेही तपासून ठेवलं. होती. संस्थेची मान्यता पुढे काढून घेतली गेली तरी आधी दिलेली पदवी त्याने रद्द होत नाही.

कर्जाचा विषय मुद्दाम वेगळा ठेवला. कॉलेज बंद पडलं म्हणून मिळणारी कर्जमाफी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना मिळत नाही. फसवणुकीच्या आधारावर 'बॉरोअर डिफेन्स'चा अर्ज मात्र करता येतो, तो केला. नोकरीच्या कागदांत किंवा मुलाखतीत त्याचा उल्लेख करायचा नाही असं ठरलं. एका टेबलावर 'माझं शिक्षण निरुपयोगी होतं' आणि दुसऱ्यावर 'माझी पदवी मोजा' म्हणायचं, ही तारेवरची कसरत वाटते खरी. पण दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. अर्जात त्याने लिहिलं होतं ते प्लेसमेंटच्या खोट्या आकड्यांबद्दल. शिकवलेल्या विषयांबद्दल एक ओळही नव्हती.

रेझ्युमे उलटा केला. सगळ्यांत वर दोन प्रमाणपत्रं, पडताळणी क्रमांकासह. मग अनुभव, आकड्यांत: १४ शाखांच्या जोडण्यांची देखभाल, एका गोदामातले २२ वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट बदलले. शिक्षण शेवटी, एका ओळीत: पदवी, विषय, कॉलेज, वर्ष. जीपीए आणि विषयांची यादी गेली. मान्यतेचा खुलासा कुठेही नाही. न विचारता दिलेला खुलासा संशयाला आमंत्रण देतो. ऑनलाइन फॉर्मवर मात्र पदवी जिथे विचारली तिथे पूर्ण आणि खरी.

मुलाखतीसाठी उत्तर ठरवलं तीन वाक्यांचं: 'बॅचलर तिथून केलं, कॉलेज पुढे बंद झालं. ट्रान्सक्रिप्ट राज्याकडून मिळते, प्रत माझ्याकडे आहे. तिथे राउटिंग वरवर शिकवलं गेलं होतं, ते मी सीसीएनएच्या वेळी पक्कं केलं.' पहिल्या सरावात तो कॉलेजला शिव्या घालत पाच मिनिटं बोलला होता. ऐकणाऱ्याला त्यात कॉलेज दिसत नाही, कटकट करणारा माणूस दिसतो.

अर्ज कुठे करायचे तेही बदललं. 'पदवी किंवा समकक्ष अनुभव' असं लिहिणाऱ्या कंपन्या, लहान व्यवसायांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवा कंपन्या, आणि संरक्षण कंत्राटदार. मोठ्या बँकांचा नाद सोडला.

निकाल

जानेवारी ते मार्च २०२२: ४१ अर्ज, ९ फोन, ४ मुलाखती, २ प्रस्ताव. हा फरक नेमका कशाने पडला ते सांगता येणार नाही. प्रमाणपत्रं, रेझ्युमेची मांडणी आणि कंपन्यांची निवड तिन्ही एकदम बदललं, आणि २०२१ च्या उत्तरार्धापासून अमेरिकेत माणसांची टंचाईही होती. चारपैकी दोन मुलाखतींत कॉलेजचा विषय निघालाच नाही. एकीत मॅनेजरने नाव वाचून भुवई उंचावली, मग फळ्यावर सबनेटचं (नेटवर्कच्या विभागणीचं) एक गणित सोडवायला दिलं, आणि पुन्हा विषय काढला नाही. चौथ्या ठिकाणी मनुष्यबळ अधिकाऱ्याने तोंडावर विचारलं, 'ते बंद पडलेलंच ना?' उत्तर तयार होतं. तिथून प्रस्ताव आला नाही. कारण कळलं नाही.

एका रुग्णालय समूहाचा प्रस्ताव वर्षाला ६१,००० डॉलरचा होता, तो त्याने घेतला. आणि चौथ्या चाळणीत गाडी रुतली.

तपासणी कंपनीचा अहवाल आला: 'पदवीची पडताळणी होऊ शकली नाही.' त्यांनी कॉलेजच्या जुन्या नंबरावर तीनदा फोन केला होता आणि थांबले होते. त्यात आणखी एक विसंगती: उमेदवाराने पदवीचा महिना मार्च लिहिला होता, कारण शेवटचा वर्ग मार्चमध्ये संपला, नोंदीनुसार पदवी प्रदान झाली जूनमध्ये. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर चित्र खोट्या पदवीसारखं दिसतं. 'पडताळणी झाली नाही' आणि 'पदवी खोटी निघाली' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण घाईत असलेल्या कार्यालयात दोन्हींवर तोच लाल शिक्का बसतो.

इथे कायदा कामाला आला. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टप्रमाणे बाहेरच्या कंपनीच्या अहवालावरून नोकरी नाकारायची असेल तर आधी त्या अहवालाची प्रत आणि हक्कांची माहिती उमेदवाराला द्यावीच लागते. पत्र मिळालं त्याच दिवशी त्याने तीन गोष्टी केल्या: तपासणी कंपनीकडे लेखी हरकत, राज्याच्या विभागाचा पत्ता आणि संपर्क, आणि बंद लिफाफ्यातली ट्रान्सक्रिप्ट थेट मनुष्यबळ विभागाकडे. मार्च-जूनचा खुलासा दोन ओळींत, माफी न मागता. तपासणी कंपनीला हरकतीवर निर्णयासाठी ३० दिवस मिळतात; इथे ११ दिवसांत सुधारित अहवाल आला. कागद आधी मागवलेले नसते तर राज्याकडून यायलाच पाच आठवडे गेले असते, आणि तोवर जागा धरून कुणी बसत नाही.

एप्रिलमध्ये तो रुजू झाला.

काय वेगळं करता आलं असतं

प्रमाणपत्रं सहा वर्षं उशिरा घेतली गेली. कॉलेज संपल्याबरोबर सीसीएनए केलं असतं तर बहुधा हे प्रकरण उभंच राहिलं नसतं. पण प्रवेशाच्या वेळी त्याला सांगितलं होतं की अभ्यासक्रमातच सगळं येतं.

पदवीची तारीख अर्ज करण्याआधी ट्रान्सक्रिप्टवरून उतरवून घ्यायला हवी होती. आठवणीतून लिहिलेल्या तारखा हमखास चुकतात. ज्यांचं कॉलेज विकलं गेलं किंवा ज्याचं नाव बदललं त्यांना हा धोका जास्त: कॅपलान युनिव्हर्सिटी २०१८ मध्ये पर्ड्यू ग्लोबल झाली, अ‍ॅशफोर्ड २०२० मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. अर्जात पदवीवरचं नाव लिहावं आणि शेजारी 'सध्या अमुक' एवढंच. नव्या नावाखाली जुनी पदवी खपवण्याचा मोह पडताळणीत उघडा पडतो.

रुग्णालयाच्या बाजूनेही चूक होती. त्यांच्या फॉर्मवर 'संस्था बंद' असा पर्यायच नव्हता, त्यामुळे तपासणी कंपनी मेलेल्या फोनवर घंटा वाजवत राहिली. पुढे त्यांनी तो रकाना घातला.

आरोग्याच्या अभ्यासक्रमांत हेच प्रकरण वेगळ्या वळणाने जातं. तिथे कॉलेजच्या मान्यतेबरोबर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता लागते. ती नसेल तर परवान्याच्या किंवा प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसूच देत नाहीत, आणि नोकरी देणाऱ्याच्या मताचा प्रश्नच येत नाही. प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न तिथे एकच: या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारा परीक्षेला बसू शकतो का, लेखी द्या.

आणि भारतातून जाणाऱ्यांसाठी एक, जे या उमेदवाराला लागू नव्हतं. एच-१बी व्हिसाच्या सोडतीत अमेरिकी मास्टर्स झालेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या असतात. कायद्यातली व्याख्या सरकारी किंवा ना-नफा संस्थेचीच आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठाचं मास्टर्स, मान्यता कितीही पक्की असली तरी, त्या वेगळ्या जागांसाठी धरलं जात नाही. इथे नोकरी देणाऱ्याचं मत चांगलं असूनही उपयोग होत नाही. विद्यापीठाची मालकी कुणाची, हे शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं.

रुग्णालयाच्या परतावा योजनेतून उमेदवाराने राज्य विद्यापीठात सेमिस्टरला एक विषय सुरू केला, त्या ११ क्रेडिटच्या पुढे. सीसीएनएची मुदत तीन वर्षांची. ऑक्टोबर २०२४ च्या आधी ते नवं करायचं, ही तारीख त्याने रुजू होताच कॅलेंडरवर टाकली.